दार लावण्याआधी

शपथ घेणार नाही. इतकी वर्षं चष्म्यांच्या दुकानात बसून मला एक कळलंय. "ताई, शपथेवर सांगतो, चष्मा आपोआप मोडला" असं म्हणणारा हमखास त्यावर बसलेला असतो.

म्हणून सरळच सांगते. हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या बाबतीत घडलेलं आहे.

आणि अजून संपलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यातली गुरुवारची संध्याकाळ. वस्तीच्या टोकाला असलेलं कोल्ड स्टोरेज. सफरचंदांच्या पेट्या ठेवायच्या मोठमोठ्या थंडगार खोल्या. खिडकी एकीलाही नाही. दार हातभर जाड, आणि कडी बाहेरून.

माझा भाऊ तिथं कामाला होता. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तो बंद व्हायचाच नाही. जेवताना बोलायचा, दात घासताना बोलायचा, झोपेतसुद्धा कुणाशी तरी वाद घालायचा. आई वैतागून म्हणायची, "अरे, आधी घास गिळ, बातम्या नंतर दे."

संध्याकाळी त्या खोल्या बंद करताना एक रीत पाळायची असे. दिवा मालवायचा. उंबऱ्यात उभं राहायचं. आणि आतल्या अंधारात तोंड करून मोठ्यानं विचारायचं...

"आत कोण आहे? दार लावतोय!"

मग थांबायचं. आवाज भिंतींवर फिरून विरेपर्यंत. कुणी काही बोललं नाही, तरच कडी घालायची.

कारण आतून दार उघडायची मूठ कधीच तुटून गेली होती. आत अडकलेल्यानं दाबायची घंटीही मुकी झाली होती. मालक म्हणायचे, "बघू पुढच्या महिन्यात." पुढचा महिना त्यांच्याकडे कधी आलाच नाही.

माझा भाऊ ही रीत एक दिवसही चुकवायचा नाही. बाकीचे टिंगल करायचे. "काय रे रेडिओ, सफरचंदं उत्तर देतात का?"

तो म्हणायचा, "देतील तेव्हा पहिलं तुलाच सांगेन. तुझ्यापेक्षा डोकं आहे त्यांना."

त्या गुरुवारी तो घरी आला नाही.

शुक्रवारी मी आणि आई कोल्ड स्टोरेजवर गेलो. बाहेरच्या फळीवर कामगार आपल्या चपला काढून ठेवतात आणि थंडीतले जाड बूट चढवतात. त्या फळीवर माझ्या भावाची चप्पल होती. एकीचा अंगठा मीच शिवून आणलेला.

मालक म्हणाले, "गेला असेल कुठंतरी पळून. तरणा पोरगा आहे."

"चप्पल सोडून?"

"घाईत असेल."

"गुडघ्यापर्यंतचे बूट घालून घाईत पळतात? तुम्ही एकदा पळून दाखवा, मी मागून बघते."

मालक घड्याळ बघायला लागले.

तो काम करत होता ती शेवटची खोली तेवढी उघडून दाखवा, म्हटलं. तर थंडी बाहेर जाते, माल खराब होतो! उघडली थेट सोमवारी, पोलीस आल्यावर. मुकादमानं सगळ्यांदेखत कडी काढली. आम्ही पेटी न् पेटी हलवली.

आत कुणी नव्हतं.

पोलीस साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "घरी काही भांडण? कुणा मुलीचं प्रकरण? मोठा माणूस आहे, येईल."

एक सांगू? माणूस मेला की लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलतात. हरवला की वाट्टेल ते बोलतात. शेजारच्या काकू आईचं सांत्वन करायला आल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "पोरीचा पत्ता लागला का?" कुठली पोरगी? यांनीच जन्माला घातलेली! माझ्या चुलतभावाला तर तो तीन वेगवेगळ्या शहरांत दिसला. तिन्ही वेळा मजेत होता म्हणे.

आई रोज त्याचं ताट वाढायची. आणि मी रोज दातओठ खात दुकान उघडायची.

असे काही महिने गेले.

मग एके दुपारी कोल्ड स्टोरेजमधल्या मावशी दुकानात आल्या. त्या तिथं फळं निवडायच्या. चष्म्याची काडी सैल झाली होती. काडी मी केव्हाच घट्ट करून दिली, तरी बाई हलेचनात. समोरच्या आरशात स्वतःकडे बघत बसल्या.

"मावशी, काय झालं?"

"ताई... आम्ही आता विचारत नाही गं."

"काय विचारत नाही?"

"आत कोण आहे, ते."

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

झालं होतं असं. माझा भाऊ गेल्यावर मालकांनी पोलिसांना दाखवायला रीत पुन्हा कडक केली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारायचं. पहिल्याच संध्याकाळी मुकादमानं दिवा मालवला आणि शेवटच्या खोलीत ओरडला, आत कोण आहे?

आतून उत्तर आलं...

"मी."

सगळ्यांनी ऐकलं. दिवे लावले, शोधलं. कुणी नाही. पुन्हा दिवा मालवला, पुन्हा विचारलं.

"मी."

"मग?" मी म्हटलं. "मग काय केलंत?"

मावशींनी मान खाली घातली. "मालक म्हणाले, विचारूच नका. विचारलं नाही तर उत्तर यायचं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने! माझी आई ताट वाढून बसते, आणि ही सगळी मंडळी रोज संध्याकाळी मूग गिळून कडी घालतात!

दुकान तसंच टाकलं. आईला घेतलं आणि दार लावायच्या वेळेला तिथं पोचले.

मालकांनी चहा मागवला. यांना काहीही विचारा, चहा मागवतात. "आई, तुमच्या भावना मला कळतात..."

"भावना राहू दे," आई म्हणाली. "मला त्या दारात उभं राहू दे."

मुकादमानं शेवटच्या खोलीतला दिवा मालवला. मशीनची घरघर थांबली. आई उंबऱ्यात उभी राहिली आणि रोज जेवायला हाक मारायची तशी हाक मारली. "अरे, येतोस का रे?"

काही नाही.

फक्त थंडी. पायांवरून सरपटत बाहेर येणारी.

मालकांच्या चेहऱ्यावर हसू आलं. असं हसू मी ओळखते. नंबर वाढलाय हे मान्य नसलेलं गिऱ्हाईक असंच हसतं.

मी म्हटलं, "आईनं विचारून काय होणार? विचारायचं काम दार लावणाऱ्याचं. दार तुमचं आहे. तुम्ही विचारा."

"हा काय पोरखेळ आहे?"

"पोरखेळच आहे ना? मग घाबरता कशाला?"

कामगार आजूबाजूला जमले होते. सगळे मालकांकडे बघत होते. त्यांना माघार घेता येईना. ते दारात आले, घसा साफ केला आणि चेष्टेनं ओरडले...

"आत कोण आहे? दार लावतोय!"

आवाज भिंतींवर फिरला. विरला.

आणि मग...

वरच्या फळ्यांकडून...

"मी."

माझ्या भावाचा आवाज. सर्दी झाल्यासारखा, जड. पण त्याचाच.

आईनं माझा दंड धरला. नखं रुतली. मी तिला सोडवून आत शिरले. मोबाईलचा उजेड वर मारला. पेट्या. नुसत्या पेट्या. आणि सगळ्यात वरच्या फळीवर, दोन पेट्यांच्या मधल्या फटीत...

वाफ.

थंडीत तोंडातून निघते तशी. येत होती, विरत होती. पुन्हा येत होती.

तोंड मात्र नव्हतं.

"चल," मी म्हटलं. "चल घरी. आई आलीये."

वाफ थांबली.

"ताई," तो म्हणाला, "दार कोणी लावलं?"

मागे धप्प आवाज झाला. मुकादम खाली बसला होता. लहान मुलासारखा हुंदके देत होता.

"मी लावलं हो! मालकांना जायची घाई होती. म्हणाले, लाव पटकन, रोजचं नाटक नको. तो वर पेट्या रचत होता, मला माहीत नव्हतं... मी विचारलं नाही. विचारलंच नाही!"

मी मालकांकडे वळले. ते तिथं नव्हते. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मग सोमवारी खोली रिकामी कशी होती? ते मला विचारू नका. मुकादम आजही रडून सांगतो की त्यानं मधे दार उघडलं नव्हतं.

पोलीस साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आवाजावरून गुन्हा दाखल होत नाही."

"आणि चपलेवरून?"

"चप्पल काय कुणीही विसरतं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे मुकादमानंही शब्द फिरवला. बायकामुलं आहेत म्हणाला. आमच्या घरी जणू भाडेकरू राहतात!

पण एक झालं. त्या संध्याकाळपासून एकाही कामगारानं त्या दाराला हात लावला नाही. आत माणूस आहे म्हणाले. सफरचंदं सडली, मशीन बंद करावं लागलं, खोली रिकामी झाली. दार उघडंच राहिलं. आई रोज संध्याकाळी तिथं जायची. मुकादम खाली मान घालून विचारायचा. आतून "मी" आलं की आई म्हणायची, "बरं," आणि घरी यायची. ताट वाढायची.

मालकांनी शेवटी ती जागा विकली.

आणि गेल्या शनिवारी नव्या मालकाच्या माणसानं त्या खोलीला कुलूप घातलं. न विचारता. मुकादमाला आधीच घरी पाठवून दिलं होतं. आई पोचली तेव्हा दार बंद. तिनं मुठींनी ते बडवलं. एवढ्या जाड दारातून काय ऐकू येणार!

"तोड ते कुलूप," आई फोनवर एवढंच म्हणाली. तिला इतकं चिडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

कुलूपवाल्याला घेऊन जायचं म्हणून मी दुकान लवकर बंद करायला घेतलं. बाहेर ऊन अजून रेंगाळत होतं. अंगाला घाम. दिवे घालवले, शटरला हात घातला. आणि का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं...

"आत कोण आहे?"

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग शांत झालं.

फ्रेम ठेवायच्या कपाटाची काच... मधोमध... धुरकट व्हायला लागली.

आतून.

कुणीतरी तोंड लावून श्वास सोडावा तशी.

"मी."

मी शटरवरचा हात काढून घेतला.

आई आली. कपाटासमोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "बघ, सुटलं माझं पोर." तिला पक्की खात्री आहे.

मला नाही. आवाज त्याचाच वाटतो. पण माझा भाऊ इतकं थोडं बोलून कधी थांबला नव्हता. मी रोज विचारते, तुला काय झालं, सोमवारी तू कुठं होतास, अजून थंडी वाजते का... रेडिओ काही बोलत नाही. काच धुरकट होते. पुसली की पुन्हा होते. कपाट उघडायची माझी हिंमत होत नाही.

त्या खोलीचं कुलूप आम्ही तोडलं. मुकादमाला ओढत नेऊन विचारायला लावलं. तिथून आता उत्तर येत नाही.

शेजारचे दुकानदार म्हणतात, "ताई, रात्रभर दुकान सताड उघडं, भीती वाटत नाही?"

वाटते.

पण शटर मी ओढणार नाही.