खारूताईची शपथ

एक वाजून पाच मिनिटांनी वनमालाला शिक्षकखोलीतली खुंटी रिकामी दिसली. सव्वाला शाळेचं फाटक बंद झालं. दीड वाजता लाउडस्पीकरवरून सूचना झाली, चौथीच्या आम्रपालीच्या पालकांनी ताबडतोब कार्यालयात यावं.

सूचना आसपासच्या तीन वस्त्यांवर ऐकू गेली. कारण सांगितलं नव्हतं. तरी दोन वाजेपर्यंत सगळ्यांना कारण माहीत होतं. बन्सीच्या नातीनं टीव्हीवाल्यांची खारूताई चोरली.

पावणेतीनला मंगल गर्जे शाळेच्या फाटकात उतरल्या. बीडला त्यांची खासगी तपासाची कचेरी होती. एका जळालेल्या जीपच्या विम्याच्या चौकशीसाठी त्या केजला आल्या होत्या. ओळखीच्या वनमालाचा फोन तिथंच आला, आणि तिथून नांदूरघाटच्या बाजूची ही शाळा जवळ होती.

गाडी चालवणारा सटवा त्यांचा सहायकही होता. त्याचं मन मात्र अजून केजमध्येच होतं.

"ताई, सव्वाबाराला चौकात रविराज दिसला. गाडीच्या टपातून वर निघून हात करीत होता. म्या फोटो काढला, पर नुसता गुलाबी फेटाच आला बघा. तोंड कापलं गेलं."

"मग तो रविराजच कशावरून?"

"सगळी बोंबलत होती की! तोंड, फेटा, समदं दिसत होतं तवा. फोटोत तेवढा फेटाच उरला."

'खारूताईचं दप्तर' हा रविवारी सकाळी लागणारा मुलांचा कार्यक्रम. खारूताई म्हणजे हातात घालून बोलवायची खारीची बाहुली. दर आठवड्याला एक शाळा आणि एक नामवंत पाहुणा. मुलांनी आपापले प्रश्न चिठ्ठीवर लिहून खारूताईच्या दप्तरात टाकायचे, पाहुण्यानं कॅमेऱ्यापुढं एकेक चिठ्ठी काढून उत्तर द्यायचं. वेळेत न बसलेल्या चिठ्ठ्या पाहुण्याला पाठवल्या जात आणि तो नंतर फोनवर उत्तरं रेकॉर्ड करून देई. आजचा पाहुणा होता चित्रपटांचा नायक रविराज. तो याच गावचा, याच शाळेचा.

वनमाला शिक्षकखोलीच्या दारातच उभी होती. बारा वर्षं ती खारूताई हातात घालून बोलत आली होती. तिचा उजवा हात आताही अर्धवट वर होता.

"शेवटची कधी पाहिलीत?" मंगलताईंनी विचारलं.

"साडेअकराला पाहुण्यांचा भाग संपला आणि मी तिला या खुंटीला अडकवलं. पावणेबाराला पाहुणे गेले. बारा ते साडेबारा वर्गात मुलांचे चेहरे टिपले. हसणं, टाळ्या वगैरे. तेव्हा मी टेबलाखाली, हात वर. मग जेवले. आवरायला आले तर खुंटी रिकामी."

"दप्तर वेगळं निघतं?"

"खांद्याला शिवलंय. त्याला बोटभर कुलूप आहे. चिठ्ठ्या आधी कुणी वाचायच्या नाहीत, असा नियम आहे. किल्ली दिग्दर्शकांकडं."

खुंटीखाली एक स्टूल होतं. त्यावर भुईमुगाच्या सात शेंगा ओळीनं मांडलेल्या होत्या. सटवानं हात पुढं केला.

"ठेव तिथंच."

"सातातली एक ताई..."

"ठेव."

सटवानं हात खिशात घातला.

दिग्दर्शक हनुमान पडवीत लॅपटॉप उघडून बसला होता. त्याच्या एका पायाची टाच सारखी हलत होती.

"ताई, सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. मुलांची दप्तरं, आमच्या पेट्या, त्या पोरीची तर दोनदा. काही नाही. अध्यक्ष म्हणतात, भिंतीवरून कुणाकडं तरी टाकली असेल. परवा पुढच्या शाळेत शूटिंग आहे. खारूताई नाही तर कार्यक्रम कसला?"

"सकाळचं चित्रण दाखवा."

पडद्यावर रविराज गुलाबी फेट्यात बसला होता. खारूताई विचारत होती, लहानपणी कशाला घाबरायचास?

"विहिरीला!" रविराज हसला. "सहा वर्षांचा असताना आमच्या मळ्यातल्या विहिरीत पडलो. माझ्या काकांनी उडी मारली, म्हणून आज तुमच्यापुढं आहे. काका, उभे राहा जरा!"

मागच्या खुर्चीतले विठ्ठलराव हात जोडून उभे राहिले. टाळ्या झाल्या. टाळ्यांतूनच एका मुलीचा आवाज आला, "सर, माझ्या चिठ्ठीत तेच हाय!"

चित्रण तिथं थांबलं.

"हीच ती आम्रपाली," हनुमान म्हणाला. "मधेच बोलली म्हणून एवढं कापणार आहे."

"तिची चिठ्ठी निघाली?"

"नाही. तीनच निघाल्या. पाहुण्यांना घाई होती. बाकीच्या आज दीड वाजता फोटो काढून त्यांना पाठवायच्या होत्या."

मंगलताईंनी तो तुकडा पुन्हा पाहिला. या वेळी त्या मुलीकडं बघत नव्हत्या. मागच्या खुर्चीकडं बघत होत्या.

विठ्ठलराव शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. ते मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले होते आणि मुख्याध्यापक समोरच्या स्टुलावर. टेबलावर सुतळीनं बांधलेला फेट्याचा गोल डबा होता.

"या बाई. बसा. तपासात काय दम न्हाई. पोरगी पावणेएकला त्या खोलीत एकटी गेलती. शिपायानं पाहिलं."

"त्याआधी कुणी गेलं असेल."

"कसं जाईल? साडेबारापर्यंत खारूताई त्या बाईच्या हातात होती. म्या व्हरांड्यातून सोता पाहिलं. पोरं तिच्याकडं बघून खदखदत होती. त्यानंतर म्या अन् सर हितंच, समोरासमोर. सर हलले बी न्हाईत. काय सर?"

मुख्याध्यापकांनी मान डोलावली.

"त्याच्या आधी तुम्ही?"

"त्याच खोलीत च्या घेतला. बारा, सव्वाबारा. तवा खारूताई वर्गात. रिकाम्या खोलीत काय चोरायचं, कपबशी?"

ते स्वतःच हसले.

"आणि या डब्यात?"

"रविराजचा फेटा. गडबडीत इसरून गेला पोरगा. आज माझ्या हातानं बांधला होता. धाडून देईन." त्यांनी घड्याळ पाहिलं. "चारला पालक जमतेत. त्यांच्यापुढं पोरीचं नाव कमी करतो. लहान वयात धडा मिळाल्याला बरा."

"नऊ वर्षांची आहे ती."

"म्हणूनच म्हणलं, लहान वयात."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

आम्रपाली जिन्याखाली आजोबांजवळ बसली होती. रडून झालं होतं. बन्सी बसला नव्हता. शाळेत आला की तो कडेला उभाच राहायचा.

"खोलीत कशाला गेली होतीस?" मंगलताई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"शेंगा द्यायला. खारूताईला."

"दिल्यास?"

"न्हवती ती. मंग स्टुलावर ठिवल्या. आल्यावर खाईल म्हणून."

"मग ती नाही हे कुणाला सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, पाहुण्याला सोडवायला गेली आसंल."

"त्याआधी, वर्गात तुम्ही हसत होतात, तेव्हा ती कुठं होती?"

आम्रपालीनं ओठ घट्ट मिटले.

"सांग की बाय," बन्सी कळवळून म्हणाला. "नाव कमी करायलेत तुझं."

"शपथ हाय," ती म्हणाली.

मंगलताईंनी बन्सीकडं पाहिलं. "चिठ्ठीत काय लिहिलं होतं हिनं?"

"मला नाय ठाऊक, ताई. पर रातच्याला एक जुनी गोष्ट इचारीत होती." त्यानं नजर खाली केली. "ती सांगायला नको व्हती मी. चूक माझीच."

चौथीच्या वर्गात मुलांना बसवून ठेवलं होतं. कुजबुज चालली होती. सटवा उगाच फिरत फिरत कॅमेऱ्याजवळच्या टेबलामागं गेला आणि हातभर लांब बांबूची काठी घेऊन वर आला. काठीच्या टोकाला पिवळा चेंडू खोचला होता, त्यावर स्केचपेनानं काढलेले दोन डोळे.

"हे काय बे? कुणाचं खेळणं?"

कुजबुज एकदम थांबली. बत्तीस मुलं सटवाकडं बघू लागली. वनमालानं झटकन पुढं होऊन काठी घेतली. "द्या इकडं. आमच्या सामानातलं आहे."

"ताई," सटवा बाहेर येऊन हळूच म्हणाला, "ही बाई काहीतरी लपवायली. लिहून घ्या."

"लपवतेच आहे. पण चोरी नाही. आता सगळ्यांना या वर्गात बोलाव. आणि अध्यक्षांना म्हणावं, डबा घेऊन या. फेटा मीच केजला पोहोचवते."

पावणेचारला वर्ग भरला. विठ्ठलराव डबा काखेत घेऊन उभे होते. फाटकाशी पालकांची गर्दी वाढत होती. त्यांचा आवाज खिडकीतून आत येत होता. आम्रपाली शेवटच्या बाकावर एकटीच बसली होती. शेजारी बसायला कुणाला सांगितलेलं नव्हतं आणि कुणी आपण होऊन बसलं नव्हतं.

"वनमालाबाई," मंगलताई म्हणाल्या, "या मुलांना तुम्ही एक शपथ घातली आहे. ती एवढ्या खोलीपुरती सोडा."

वनमालानं हनुमानकडं पाहिलं. हनुमान कुरकुरला, "घरी बघणाऱ्या मुलांचा हिरमोड होतो, ताई. हे बाहेर सांगायचं नसतं."

"बाहेर जाणार नाही. सोडा."

"सोडली," वनमाला म्हणाली.

"मुलांनो, बारा ते साडेबारा तुम्ही कुणाकडं बघून हसत होतात?"

बत्तीस गळे एकदम, "चेंडूकडं!"

"खारूताई कुठं होती?"

"न्हवतीच!"

विठ्ठलरावांचा हात डब्यावर आवळला.

"पाहुण्याचा भाग आधी होतो," मंगलताई म्हणाल्या. "पाहुणे गेल्यावर मुलांचं हसणं वेगळं टिपतात आणि नंतर दोन्ही जोडतात. सगळ्यांची नजर एका जागी राहावी म्हणून टेबलाखालून हा चेंडू वर धरतात. नाजूक बाहुली त्यासाठी अर्धा तास कशाला नाचवायची? वनमालाबाईंनी मला सांगितलं होतं, साडेअकराला तिला खुंटीला अडकवलं. परत काढल्याचं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. ते आपणच गृहीत धरतो."

त्या विठ्ठलरावांकडं वळल्या.

"तुम्ही मात्र साडेबाराला खारूताई स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत. मुलं हसल्याचं तुम्हाला ऐकू आलं, बाकीचं मनानं जोडलंत. तेवढं तुम्हाला हवंच होतं. कारण साडेबारानंतर तुम्ही सरांच्या समोर होतात, आणि बारा ते सव्वाबारा एकटे त्या खोलीत. चोरीची वेळ पुढं ढकलली की तुम्ही सुटता आणि ही मुलगी अडकते."

"म्या बाहुली घेऊन काय करू?" विठ्ठलराव गरजले. "खेळू?"

"बाहुली नको होती. एक चिठ्ठी हवी होती. 'माझ्या चिठ्ठीत तेच हाय' असं ही ओरडली, तेव्हा चित्रणात तुमचे जोडलेले हात झटकन खाली आले. दप्तराला कुलूप, दप्तर खांद्याला शिवलेलं, म्हणून अख्खी खारूताई उचलावी लागली. दीड वाजता त्या चिठ्ठ्या रविराजला जाणार होत्या. ही मुलगी चोर असती, तर जिला पळवलं तिच्यासाठी तिनं शेंगा मांडून ठेवल्या असत्या?"

त्यांनी सटवाकडं हात केला.

"सटवा, तो फोटो दाखव."

"कोणता? तोंड नसलेला?"

"तोच. सव्वाबाराला केजच्या चौकात. गुलाबी फेटा रविराजच्या डोक्यावर आहे. मग या डब्यात कुणाचा फेटा आहे, विठ्ठलराव? सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या, हा डबा तेवढा कुणी मागितला नाही. तुम्ही जायचं म्हटलं असतं, तर तुमच्यासाठी फाटकही उघडलं असतं. पण तुम्ही गेल्यावर मुलीचं नाव कमी कोण करणार? म्हणून थांबलात."

विठ्ठलरावांनी डबा दिला नाही. मुख्याध्यापकांनीच पुढं होऊन तो त्यांच्या काखेतून काढून घेतला. सुतळीची गाठ सुटेना. शेवटी हनुमाननं ती कापली.

खारूताई दुमडून बसवलेली होती. शेपटी वाकली होती. कुलूप जागच्या जागी होतं.

हनुमाननं किल्ली लावली. मंगलताईंनी चिठ्ठ्या चाळून एक काढली आणि शेवटच्या बाकाकडं पाहिलं. "वाचू?"

आम्रपालीनं मान डोलावली.

"'रविराज सर, तुम्हाला विहिरीतून माझ्या आजोबांनी काढलं. तुम्ही त्यांच्या अंगावर पाणी ओकलात आणि मग भाकरी मागितली. आजोबांनी कांदा-भाकरी दिली. हे कुणाला सांगायचं नाही असं त्यांना सांगितलं होतं. ते तुम्हाला टीव्हीवर रोज बघतात. तुम्ही त्यांना भेटाल का? ते मागे उभे राहतात. तुमची, आम्रपाली.'"

बन्सी दारात होता. सगळ्यांनी वळून पाहिलं तसा तो बोलला, "त्या विहिरीवर तवा आमच्या लोकांना पाणी न्हवतं. मी उतरलो हे कळलं असतं तर अख्खं गाव म्हणलं असतं, ईहीर बाटली. यांचे वडील म्हणले, बन्सी, गप ऱ्हा. मी गप ऱ्हायलो. पोरगं जगलं व्हतं. बास झालं."

"चाळीस वर्सं..." विठ्ठलराव पुटपुटले. "चाळीस वर्सं ते पोरगं माझ्या पाया पडतंय. एका चिठ्ठीनं..." मुलांच्या बाकांमधून वाट काढत ते बाहेर गेले. या वेळी त्यांना वाट द्यायला कुणी उठलं नाही.

चारला पाच मिनिटं होती. मुख्याध्यापक म्हणाले, "मी पालकांना फाटकाशी जाऊन समजावतो."

"नाही," मंगलताई म्हणाल्या. "बोलावलं लाउडस्पीकरवरून, सांगायचंही तिथूनच. नाव घेऊन."

तीन वस्त्यांना ऐकू गेलं. चौथीच्या आम्रपालीनं काहीही घेतलेलं नाही. तिच्यावर चुकीचा आळ आला. शाळा तिची माफी मागते.

हनुमाननं चिठ्ठ्यांचे फोटो काढले, सगळ्या चिठ्ठ्यांचे, आणि रविराजला पाठवले. मघाशी कापायचं ठरवलेला तुकडा त्यानं परत जोडला. वनमालानं खारूताईची शेपटी चोळून सरळ केली, हात आत घातला आणि आम्रपालीपुढं वाकवली. खारूताईनं तोंड उघडलं. आम्रपालीनं एक शेंग फोडून दाणा आत ठेवला.

बन्सीसाठी मुख्याध्यापकांनी स्वतः खुर्ची आणली. तो बराच वेळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मग बसला.

सटवा गाडीपाशी पोहोचला तोच मागून धापा टाकत आम्रपाली आली.

"काका, ते चेंडूचं..."

"त्याचं काय, बाय?"

"कुणाला सांगू नका. बाकीच्या शाळेतल्या पोरांना ती खरीच वाटती." तिनं उरलेल्या शेंगा त्याच्या हातावर ठेवल्या. "तुमालाबी शपथ हाय."