मसुद्यातली नावं

सत्त्याण्णवची दिवाळी सरली तरी भिगवण रोडवरच्या झुंबरतात्यांच्या कॉम्प्युटर क्लासात स्वप्नालीचं काम सरत नव्हतं. इंदापूरकडच्या एका कारखान्याच्या ऊसकाट्याचा प्रोग्राम गळीत सुरू व्हायच्या आत द्यायचा हुता. डोळे चुरचुरायचे, मान अवघडायची.

तिला एक खोड हुती. जे काम जो माणूस करतो, प्रोग्रामच्या त्या तुकड्याला ती त्याचंच नाव द्यायची. वजन घेणारा तुकडा गेणबा, म्हंजे काट्यावरचा म्हातारा. वायरीतनं आकडा आणणारा शंभू, म्हंजे तिचा धाकटा भाऊ. तो क्लासातच वायरिंग करायचा अन् दुपारी तिच्याच डब्यात जेवायचा.

त्या साली सी प्लस प्लसचे नवे नियम निघाले हुते, पण पक्के झाले नव्हते. प्रोग्राम तपासणारा नवा कंपायलर पुण्याहून आला, तो त्या मसुद्यावर चालायचा. त्यानं इशारा दिला: गेणबा हे नाव पुढच्या नियमात नाही.

तात्या हसले. "मसुदा हाय त्यो. आज न्हाय म्हनत्यात, उद्या हाय म्हनतील. पक्कं होईस्तोवर मनावर घ्यायचं न्हाय. माझा जुना कंपायलर बघ. पक्कं झाल्याबिगर तोंड उघडत न्हाय."

दुसऱ्या दिवशी चाचणीसाठी तिनं काट्यावर फोन करून गेणबाला बोलवा म्हणून सांगितलं. पलीकडचा म्हणाला, असा हितं कुणी न्हाय. तिनं चिडून फोन आपटला. तात्यांना सांगितलं, तर त्यांनीही विचारलं, गेणबा कोण? मागच्याच आठवड्यात त्याच्या तंबाखूवरनं चेष्टा केली हुती त्यांनी.

तिनं कंपायलर परत चालवला. गेणबाचा इशारा गेला हुता. नवा आला हुता.

शंभू हे नाव पुढच्या नियमात नाही.

तिनं नाव खोडून दुसरं घातलं. इशारा हलला न्हाय. शंभू सकाळीच इंदापूरला काट्याची वायर ओढायला गेला हुता, दुपारी जेवायला परत येणार हुता.

मसुदाच हाय, ती स्वतःशी म्हणाली. बदलंल.

तिनं जुन्या कंपायलरच्या फ्लॉप्या काढल्या. शंभूचं नाव परत लिहिलं. जुना कंपायलर चालवला.

या खेपेला इशारा आला न्हाय. चूक आली.

शंभू: अशा नावाचं काही नाही.

नाव तर ओळीत समोर दिसत हुतं.

"तात्या, शंभूला फोन लावा."

तात्यांनी चष्मा वर सरकवला. "कोन शंभू, पोरी?"

तिनं डबा ओढला, झाकण काढलं.

आईनं एकटीपुरतंच बांधलं हुतं.