वाराकुरीच्या धक्क्यावरची हजेरी

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण हे खरंच घडलंय, आणि जिच्या बाबतीत घडलं ती एव्हलिना माझ्या आईची सख्खी मावशी. आयुष्यात ती एकदाच लबाडीत सामील झाली. तीच ही गोष्ट.

साल अठराशे त्र्याण्णव. ब्रिटिश गयानातलं वाराकुरीचं पोलीस ठाणं. पगाराचा दिवस, भर दुपार.

हो, दुपारच. लख्ख उन्हात झालं सगळं.

वाराकुरी म्हणजे चिखल, खारफुटी आणि ताप. इथला माणूस इथल्या ठाण्यात नोकरी करायला तयार नसे, म्हणून सरकार बार्बाडोसहून पोरं भरती करून आणायचं. ब्रिजटाऊनच्या चौकात भरतीवाला ओरडायचा, "बूट फुकट, जेवण फुकट, पगार रोख!"

तापही फुकट, हे तो सांगत नसे.

पगार आगबोटीतून यायचा, तीन-तीन महिन्यांनी. पगारसाहेब तापाच्या धास्तीनं बोटीतून पाय खाली ठेवायचा नाही. तो नाव पुकारणार, शिपायानं आपल्या पायांनी धक्क्याच्या टोकापर्यंत जायचं आणि टोपी उलटी धरायची. टोपीत पगार पडायचा. मेलेल्याचा पगार सरकारजमा, मग तो आदल्या दिवशी का मेलेला असेना.

म्हणून वाराकुरीत एक रीत पडली होती. पगाराच्या तोंडावर कोणी गेला की त्याला गुपचूप पुरायचं, आणि दोस्तानं त्याची टोपी घालून दुसऱ्यांदा धक्क्यावर जायचं. साहेबाला काळे चेहरे सगळे सारखेच.

एव्हलिनाचा नवरा, शिपाई गिटन्स, पगाराच्या आदल्या पहाटे गेला. ती पोटुशी. त्याची मुदत याच पगाराला संपत होती; माहेरी, बार्बाडोसला परतायचं तर त्याच्या या शेवटच्या पगारावरच.

"रडायचं ते बोट गेल्यावर," सार्जंट इयरवूड म्हणाला. "आत्ता डोळे पूस, पोरी. साहेबाकडे दुर्बीण असते."

गिटन्सला अनवाणीच पुरलं. बूट सरकारी होते.

त्याचा दोस्त प्रेस्कॉड टोपी डोक्यावर बसवून बघत म्हणाला, "वहिनी, तुमच्या नवऱ्याचं डोकं होतं की भोपळा? माझ्या नाकावर येतेय ही."

एव्हलिनाला हसू फुटलं. आणि हसले म्हणून मग रडू फुटलं.

आगबोटीची शिट्टी झाली. नावं सुरू झाली. प्रेस्कॉड आपला पगार घेऊन आला आणि कोट-टोपी बदलायला कोठाराच्या मागे पळाला. एव्हलिना चुलीपाशी उभी राहून बघत होती.

आणि... डास गेले.

वाराकुरीत डास कधी जात नाहीत. ती भुणभुण कानाशी नसेल तर इथल्या माणसाला झोप येत नाही. ती एकदम थांबली. चिखलातले खेकडेही बिळात शिरले.

"गिटन्स!" साहेबानं पुकारलं.

फळ्यांवर पावलं वाजली...

बुटांची नव्हेत. ओल्या, अनवाणी पायांची.

चप्... चप्...

पाठमोरा माणूस धक्क्यावरून चालला होता. डावा खांदा जरा पडलेला. प्रेस्कॉडनं चाल बरी उचललीय की, असं एव्हलिनाला वाटलं. मग तिचं लक्ष कोठाराकडे गेलं.

प्रेस्कॉड तिथेच होता. एक हात कोटाच्या बाहीत, एक बाहेर. तोंड उघडं.

"टोपी कुठाय रे तुझी?" साहेब डाफरला.

माणसानं ओंजळ पुढे केली. त्याच्या पायांना घोट्यापर्यंत पिवळी माती होती... ताजी.

साहेबानं पैसे ओंजळीत टाकले आणि त्याला निरखून पाहिलं. "या सगळ्या मढ्यांत तूच एक धडधाकट दिसतोस. बार्बाडोसहून आता कुत्रंही भरतीला येत नाही. राहतोस आणखी तीन वर्षं?"



"राहतो, साहेब."

आवाज गिटन्सचाच. फक्त... फार खालून आल्यासारखा.

एव्हलिनानं डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा धक्का रिकामा होता. शेवटच्या फळीवर नाणी पडली होती. ओली.

घाबरायला वेळ नव्हता. बोट सुटत होती. तिनं नाणी झग्याच्या घोळात घेतली, गाठोडं उचललं आणि बोटीच्या दाराशी बसलेल्या साहेबाच्या कारकुनापुढे जाऊन उभी राहिली.

"कोणाची तू?"

"शिपाई गिटन्सची बायको."

"मग निघालीस कुठे? शिपायाच्या बायकोला त्याची मुदत संपेपर्यंत नेता येत नाही. आणि आत्ताच त्यानं माझ्यादेखत तीन वर्षं वाढवून घेतलीत." तो हसला. "भांडलीस वाटतं नवऱ्याशी? जा, काहीतरी गरम करून घाल. निवळेल."

तिनं तोंड उघडलं. पण खरं सांगावं, तर प्रेस्कॉड आणि सार्जंट तुरुंगात, आणि पैसे परत साहेबाच्या पेटीत. तिनं सार्जंटकडे पाहिलं. तो आपले बूट बघत होता.

तिनं तोंड मिटलं. बोट गेली.

मावशीआजी म्हातारी होऊन अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला विचारलं होतं, "तो तुला पैसे द्यायला आला होता, की अडवून ठेवायला?"

"कसलं अडवणं!" ती म्हणाली. "जिवंतपणी त्याला कधी 'नाही साहेब' म्हणता आलं नाही. मेल्यावर कुठून येणार?"

पुढचा प्रत्येक पगार तोच घेऊन गेला म्हणे. तीन वर्षं भरली, तेव्हा साहेबानं धक्क्यावर पुन्हा तेच विचारलं.

काय उत्तर आलं, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

बार्बाडोस मात्र तिला पुन्हा दिसलं नाही. वाराकुरीतच पुरलीय तिला आम्ही.

त्याच्या शेजारी पुरा, असं ती म्हणाली नव्हती. उलट, लांब पुरा म्हणाली होती.