बिनलोट्याचा पाहुणा

भल्या पहाटे माणूस शेताकडे निघतो तो एकतर लोटा घेऊन, नाहीतर कुदळ घेऊन. आमच्या कळसाडीत तिसरी रीत नाही. त्यामुळे त्या दिवशी बांधावरून एक उंच पोरगा मोकळ्या हातांनी धावत येताना दिसला, तेव्हा मी काय समजायचं? लढाईचे दिवस होते, कापडाला रेशनची चिठ्ठी लागायची, आणि आदल्याच आठवड्यात आमच्या वेचलेल्या कापसाचं गाठोडं कुणीतरी लांबवलं होतं. म्हशीसाठी गवत कापत होते, तोच विळा उगारून मी त्याची वाट अडवली.

"ए! कोन शे तू? कथा पयी ऱ्हायना?"

तो थांबला. धापा टाकत म्हणाला, "कुठंच नाही..."

"कोठेच नही? मंग पयस कसाले? मांगे कोन लागेल शे?"

त्यानं खरंच मागं वळून पाहिलं — आणि मला हसू फुटलं. चोर असा बावळटासारखा वळून पाहत नाही. पण हसले म्हणून विळा काही खाली ठेवला नाही.

तो निघाला शेजारच्या छगनमामाचा भाचा, रूपचंद. सुरतेला कॉलेजात शिकत होता. दत्तजयंतीच्या तोंडावर, वर्ष अर्धं टाकून मामाकडे राहायला आला होता. वर्ष अर्धं टाकून का? हा प्रश्न माझ्या डोक्यात कुसळासारखा रुतून बसला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कापूस वेचून उठले, तर हा बांधापलीकडे उभा.

"जसोदा, अर्धा तास बोलू या का?"

असं कुणी विचारतं होय? "काय बोलानं?"

"काहीही. फक्त... अभ्यासाचं नको."

मी म्हशीचं सांगितलं. ती दूध कशी चोरते, मग तिला चुचकारावं कसं लागतं. त्यानं ते असं कान देऊन ऐकलं की मलाच लाज वाटली. निघताना मात्र त्यानं खिशातून घडीचा कागद काढला, पेन्सिलनं एक खूण केली आणि कागद परत ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. रोज तेच! एवढं काय लिहितो मेला?

माझी फुई, म्हणजे आत्या, धनुबाई, तिनं तर निकालच लावला. "क्षय शे त्याले. शिकनं सोडीसन घर येस, दूध पेस, पहाटे हवा खास. आखो काय ऱ्हास?"

झालं! मी त्याचा खोकला ऐकायला कान टवकारून बसू लागले. आठ दिवसांत एकदा खोकला, तोही ठेच्यानं. तरी मी दोन पावलं मागं सरकलेच.

"मागं का गेलीस?"

"वारा... तथीन येस."

त्याला कळलं असावं. मातीकडे बघत तो हळूच बोलला. "सुरतेला मी रात्री तीन-तीनपर्यंत वाचायचो. वर चहा. जेवायला उठलो तर वेळ जाईल असं वाटायचं. चार महिने कुणाशी धड बोललो नाही. परीक्षेत प्रश्न समोर होते, पण अक्षरं लागेनात गं... रडलो मी. सगळ्यांच्या देखत."

एवढा उंच पुरुष, आणि हे मला सांगत होता. मी ओटीतल्या भाजलेल्या शेंगा त्याच्या हातावर ठेवल्या. त्यानं सगळ्या खाल्ल्या.

संक्रांत झाली आणि त्यानं तो कागद काढणं बंद केलं. दुसरी असती तर सुखावली असती. माझा स्वभाव तसला नाही. मला वाटलं, आता हा माझ्यापासून लपवून खुणा करतो! सुरतेला कुणी असेल का? की दुखणं वाढलं?

माघ सरत आला तशी एक दिवस आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला गोठ्यात हाक मारली.

"छगननी मागणी घाली शे. परवा शिवरात्रले प्रकाशानी जत्रामा तो भेटी, जबाब मांगी. तू रोज बांधवर बोलस, ते माले दिखत नही का? खरं सांग. त्यानी छाती कशी शे?"

"सकाय सांगसू," म्हणत मी उद्याचा वायदा केला.

मला तो हवा होता. उगाच कशाला लपवू? पण वर्षाच्या आत पांढरं कपाळ घेऊन आबांच्या दारात परत यायचं नव्हतं. उद्यापर्यंत मला खरं काय ते कळायला हवं होतं.

पहाटे तो बाभळीला कोट अडकवून लांब पळत गेला होता. मी सरळ कोटाच्या खिशात हात घातला. मराठी चौथी शिकले होते, त्याचा आज उपयोग झाला. कागद नंदुरबारच्या डॉक्टरचा होता. रात्री दहाला झोप. पहाटे धावणे. दोन वेळ पोटभर जेवण, चहा बंद. आणि चौथं — रोज अर्धा तास कोणाशी तरी गप्पा. त्याच्यापुढं पेन्सिलच्या खुणा.

क्षयाचं नाव कुठंच नव्हतं. खरं तर मी नाचायला हवं होतं. पण डोळ्यांपुढं एकच दिसत होतं. कोणाशी तरी! म्हणजे मी कोण? काढा?

तो आला तसा कागद त्याच्या अंगावर फेकला. "हाई ल्या तुमनं औषध! आजथून छगनमामाना बैलसंगे बोला. तो बी कोनीतरीच शे!"

आणि पदर खोचून मी पळाले. बांधावरून, पऱ्हाटीतून, थेट विहिरीपर्यंत. मागून तो "जसोदा, जसोदा" करत येत होता. विहिरीच्या चिंचेखाली माझा दम संपला. कूस धरून मट्‌कन खाली बसले.

तो समोर उभा राहिला. कागद उलटा करून माझ्यापुढं धरला.

"मागची बाजू वाचलीस?"

मागं एकच ओळ होती. हे सर्व एक महिना, मग बंद केले तरी चालेल.

"खुणा मोज आता."

मोजल्या. तीस. शेवटच्या खुणेशी लिहिलं होतं, संक्रांत.

"उद्या शिवरात्र," तो म्हणाला. "माझं औषध संक्रांतीलाच संपलं. पहिल्यांदा आलो तो डॉक्टरनं सांगितलं म्हणून, खोटं कशाला बोलू? पण त्यानंतर रोज तुझ्यासाठी आलोय. तू नाही दिसलीस तर... तो दिवस जात नाही माझा. मागणी घाल, हे मामाला मीच सांगितलं."

मी धापा टाकत विचारलं, "पहिलेच... कसाले नही सांगं?"

"तुझ्या हातात विळा होता."

हसू येत होतं, श्वास येत नव्हता. तरी एक राहिलंच होतं. "जूनले परत सुरत जाशात. मंग?"

"दहाला झोपेन. चहा सकाळचा, एकच. आणि रोज अर्धा तास तुला पत्र लिहीन."

"अभ्यासनं नको."

"म्हशीचं?"

"चालई," मी म्हटलं. त्यानं हात पुढं केला. मी इकडंतिकडं पाहिलं आणि धरून उठले. उठल्यावरही तो हात मी लगेच सोडला नाही.

घरी आले तेव्हा आबा बैलांना चारा टाकत होते. फुई दारात तांदूळ निवडत बसली होती, कान इकडंच.

"काय जसोदा?" आबांनी विचारलं. "दम लागस का त्याले?"

"नही आबा," मी म्हटलं. "पयीसन देखं. दम मालेच लागना."

आबांनी माझ्या लाल तोंडाकडे पाहिलं. पदराला अडकलेल्या पऱ्हाटीच्या काड्यांकडे पाहिलं. मग तोंड फिरवून त्यांनी उरलेला चारा टाकला.

"धनु," ते फुईला म्हणाले, "मन्हा नवा फेटा काढी ठेव. सकाय प्रकाशाले जावानं शे."