कावळ्याच्या कुळातला

गेल्या जानेवारीतल्या एका शनिवारी बर्फामुळे नेपरव्हिलचे रस्ते बंद झाले आणि आम्ही तिघे त्र्यंबककाकांच्या बेसमेंटमध्येच अडकलो. रुही, तिचा भाऊ वेद आणि मी. काका विस्कॉन्सिनमधल्या एका पेपर मिलमधून निवृत्त झालेले इंजिनियर. जेवणे आटोपली होती.

"काका, एखादी खरी गोष्ट सांगा ना, भुताची," वेद म्हणाला. "पण वडाचं झाड नको, यार."

"वडाचं नाही. पाइनचं आहे," काका म्हणाले. "आणि ऐकीव नाही. नागपूरच्या माझ्या मित्राच्या, गुरुदत्तच्या मुलाबाबत घडलंय. त्या मुलानंच मला सांगितलं."

पुढील वृत्तान्त काकांनी सांगितला तसाच, शक्य तितक्या काळजीपूर्वक लिहीत आहे. त्यातले किती पडताळता येईल, याविषयी मी काही म्हणू इच्छित नाही.

गुरुदत्तचा मुलगा अवधूत हा मिनेसोटाच्या उत्तरेकडे वनसंशोधनाचे काम करत असे. पाइनचे जंगल तोडल्यावर ते पुन्हा उभे करण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे रोपे लावणे. दुसरा म्हणजे काही जुनी झाडे बियांसाठी मुद्दाम उभी ठेवणे आणि वाट पाहणे. मात्र हे बी पाल्याच्या जाड थरावर सहसा रुजत नाही. त्याला उघडी माती लागते. म्हणून यंत्राने जमीन जागोजागी खरवडून ठेवतात. अवधूतकडे असलेल्या तुकड्यात हे सर्व करून तीन वर्षे झाली होती आणि एकही रोप आले नव्हते. बर्फ पडण्यापूर्वी एकदा पाहणी करावी, या साध्या कामासाठी तो तिथे गेला. तुकड्याच्या कडेला, न उचललेल्या ओंडक्यांच्या ढिगाशेजारी, एक राहण्याजोगा ट्रेलर उभा असे. त्यात तो राहिला.

दिवस गुरुवार, २ नोव्हेंबर २०२३.

त्याच दिवशी गुरुदत्तचा दहावा होता. अवधूतच्या व्हिसाचे स्टॅम्पिंग अडकले होते. देश सोडला असता तर परत येता आले नसते. क्रियाकर्म चुलतभावाने केले. पहाटे आईचा फोन आला.

"कावळा शिवला नाही रे," ती म्हणाली. "दुपारपर्यंत थांबलो सगळे. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं भटजींनी."

"चालतं ना आई तसं?"

"शास्त्राला चालत असेल. मला नाही चालत. त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय. तू ठेव पान तिथं. तुझ्याकडे अजून दहावा आहे ना?"

अवधूतने ट्रेलरमधल्या शेगडीवर भात शिजवला, पिंड वळला आणि कागदी प्लेटमध्ये घालून राखून ठेवलेल्या सर्वांत मोठ्या झाडाखालच्या एका तोडलेल्या खुंटावर ठेवला. फोनवर आई होतीच. त्या सुमारास तिथले बहुतेक कावळे दक्षिणेकडे गेलेले असतात. बराच वेळ काहीच आले नाही.

मग एक पक्षी उतरला. करडा, गुबगुबीत, आखूड चोचीचा. माणसाची मुळीच भीती नसलेला. तिकडे त्याला कॅनडा जे म्हणतात. त्याने पिंडाचा लचका तोडला.

"आला का रे?"

"आला."

"कावळाच ना?"

तो पक्षी कावळ्याच्याच कुळातला आहे, हे अवधूतला पुस्तकातून ठाऊक होते.

"कावळाच," तो म्हणाला.

"सुटले रे," आई म्हणाली आणि रडू लागली.

"टेक्निकली तो बरोबर आहे, काका," वेद मध्येच म्हणाला. "जे इज अ कॉर्व्हिड."

"त्याचंही हेच म्हणणं होतं," काका म्हणाले. "पण आमच्या मिलला लाकूड पुरवणारे म्हातारे त्या पक्ष्याला कधी दगड मारत नसत. झाडाखाली चिरडून मेलेले लाकूडतोडे त्या रूपानं जेवायला येतात, म्हणत. परमुलखात मेलेले. मागं रडणारं कुणी नाही. पान मांडणारं तर नाहीच."

रुही म्हणाली, "मग त्यांनी काकांचं... आय मीन, गुरुदत्तकाकांचं जेवण खाल्लं?"

काका पुढे सांगू लागले.

संध्याकाळी परतताना अवधूतने आधारासाठी त्या झाडाला हात लावला. हात चिकटला. सालीच्या पापुद्र्यांखाली भात होता. हा पक्षी अन्न लगेच खात नाही. तोंडात घोळवतो, चिकट लाळेत गोळा करतो आणि हिवाळ्यासाठी झाडांना चिकटवून ठेवतो. हेही त्याला ठाऊक होते. तरीही, ज्या शितांवर आपण वडिलांचे नाव घेतले ती दुसऱ्याच्या लाळेत भिजून, पिवळट, तारा सुटलेली आपल्या बोटांना लागली आहेत, या जाणिवेने त्याला ओकारी आली. त्याने पालथ्या हाताने तोंड पुसले. तोच हात होता. मग तो खरोखरच ओकला.

त्याने शेजारचे झाड पाहिले. तिथेही भात होता. त्याच्या पुढच्या झाडावरही. एका पिंडात इतका भात असणे शक्य नव्हते.

रात्री तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली गेले. अकराच्या सुमारास त्याला आवाज ऐकू आला. ओंडक्यांच्या ढिगातून. चावण्याचा. उन्हाळ्यात असा आवाज येतो. सालीखालच्या जाड, पांढऱ्या अळ्या लाकूड कुरतडतात. पण थंडीत अळ्या निपचित पडलेल्या असतात. आणि अळ्या मचमच करत नाहीत. अळ्या बोटे चाटत नाहीत.

आवाज ढिगातून खाली आला.

ट्रेलरभोवती फिरला.

दाराशी थांबला. वास आला. आंबलेल्या भाताचा, राळेचा, आणि कधीच न धुतलेल्या तोंडाचा. पत्र्याच्या दारावर काहीतरी ओले फिरू लागले. खालून वर. सावकाश. जीभ.

"बाबा?" अवधूत म्हणाला.

आवाज थांबला...

मग दुसऱ्या बाजूने सुरू झाला. मग मागून. मग छतावर. ते एक तोंड नव्हते.

दाराच्या फटीतून एक तार आत आली. चिकट. लांबत गेली. त्याच्या मोज्यावर टेकली...

काय करावे, ते त्याला सुचेना. गुरुदत्त लग्नकार्यात पंगतीतून फिरताना जे वाक्य म्हणत असे, तेच तेवढे त्याच्या तोंडातून निघाले. दोन्ही हात जोडून.

"सावकाश होऊ द्या."

सगळे शांत झाले.

पहाटेपर्यंत शांत.

उजाडल्यावर तो बाहेर आला तेव्हा दार लाळेने माखून गोठले होते. एकाही झाडावर भाताचे शीत उरले नव्हते. प्लेट चाटूनपुसून स्वच्छ होती. आईला त्याने काहीच सांगितले नाही. तेव्हापासून तो भात खात नाही. कुणी खाताना दिसले तरी उठून जातो.

"मग? बाबा सुटले की नाही?" रुहीने विचारले.



"पुढच्या जूनमध्ये त्याला परत पाहणीला जावं लागलं," काका म्हणाले.

खरवडलेल्या जमिनीवर, म्हणजे जिथे रोपे यायला हवी होती तिथे, काहीच नव्हते. रोपे आली होती ती त्या मोठ्या झाडाखाली, जिथे यंत्र फिरलेच नव्हते, पाल्याच्या जाड थरातून. प्रत्येकाच्या शेंड्यावर थुंकीसारखा फेस होता. तसा फेस एका किड्यामुळे येऊ शकतो, असे अवधूतने स्वतःला सांगितले.

आपोआप उगवणारे जंगल कधीही रांगेत उगवत नाही. ही रोपे रांगेत होती. समोरासमोर दोन सरळ रांगा. दोन रोपांमध्ये मांडी घालून बसलेला एक माणूस मावेल एवढे अंतर. मधोमध, पंगतीत वाढणारा फिरू शकेल एवढी मोकळी वाट.

एका रांगेच्या शेवटच्या जागी रोप नव्हते. कित्येक दिवसांत पाऊस नव्हता. पाला पायाखाली कुरकुरत होता. त्या रिकाम्या जागेपुढे, त्या कोरड्या पाल्यावर, पाण्याचे एक कडे होते. जेवायला बसलेला माणूस पहिल्या घासाआधी आपल्या पानाभोवती पाणी फिरवतो, तसे.

ते अजून ओले होते.