वाजणारी शाल

"कोल्हापूरच्या इतिहासात कृतज्ञतेचं नवं पर्व आजपासून सुरू होत आहे!" मंडळाचे अध्यक्ष गणपतराव गरजले. माईक बंद होता, त्यामुळे नव्या पर्वाला पुन्हा एकदा सुरू व्हावं लागलं.

दोन हजार पाचची दिवाळीची सुट्टी होती. जुलैच्या महापुरात ज्यांनी गल्लीसाठी घाम गाळला, त्यांचा रोज एक असा तीन संध्याकाळी सत्कार होता. तबक धरायचं काम बारा वर्षांच्या पवित्राकडे. पहिल्या दिवशी फौजेतले माजी हवालदार केरबा आजोबांना शाल-नारळ मिळाला, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. "द्या इकडं, पिशवीत घालून घरपोच करतो," म्हणत गणपतरावांनी दोन्ही परत घेतलं.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाच्या कृष्णातकाकांचा नंबर. तबकातला नारळ खडखडला आणि पवित्राचे कान टवकारले.

"अरिहंत, कालचाच नारळ हाय ह्यो! तसाच वाजतोय!"

"सगळे जुने नारळ वाजत्यात. पुरावा दे," माईक सांभाळणारा अरिहंत म्हणाला. त्याला मोठेपणी वकील व्हायचं होतं, आणि त्याचा त्रास इतरांना आत्तापासूनच सुरू झाला होता.

पवित्राने आपल्या हुपरीच्या चांदीच्या पैंजणाचं एक घुंगरू तोडलं आणि शालीच्या दशीत घट्ट बांधलं. सत्कार संपताच गल्लीतली छोटी दीपा पिशवीच्या मागावर गेली आणि धापा टाकत परत आली. "पिशवी काकांकडं न्हाय, थेट मंडळाच्या कपाटात गेली!"

तिसऱ्या दिवशी सफाई कामगार बाळाबाईंचा सत्कार. पूर ओसरल्यावर गल्लीतला गुडघाभर चिखल त्यांनीच उपसला होता. त्या नवं लुगडं नेसून स्टेजमागे उभ्या होत्या.

"पहाटं पाचाला झाडाय निघती, थंडी लई बोचती बघ," त्या पवित्राला म्हणाल्या. "शाल मिळणार म्हणून फाटकी चादर सकाळीच देऊन टाकली!"

पवित्राला हसू आलं नाही. तिने दातओठ खाल्ले.

बाळाबाईंच्या गळ्यात हार आणि खांद्यावर शाल पडली. छुन्न! फोटो निघाला. गणपतरावांनी पिशवी उघडली. "द्या, घरपोच..."

"न्हाय!" पवित्राने तबक आडवं धरलं. "शाल मावशीच नेणार!"

"पोरी, मोठ्यांच्या मधी बोलू नये!"

"मग मोठ्यांनी नीट वागावं की!"

अरिहंतने माईक तिच्या हातात दिला. या वेळी तो चालू होता. आधीचे दोन्ही सत्कारमूर्ती पुढच्याच रांगेत बसले होते.

"केरबा आजोबा, तुमची शाल आली?"

"न्हाय बा. मागायची तरी कशी?"

"कृष्णातकाका, तुमची?"

"आग लागली की आम्ही पाच मिन्टांत पोचतो. पिशवी अजून वाटेतच हाय!"

"वाटेत न्हाय, इथं हाय!" पवित्राने शालीचं टोक माईकसमोर हलवलं. छुन्न! छुन्न! "हे माझं घुंगरू! काल काकांच्या शालीला बांधलेलं!" आणि तिने पाय उचलून पैंजणातली रिकामी जागा दाखवली.

"एकच शाल फिरली की मान सगळ्यांना सारखा मिळतो," गणपतराव घाम पुसत म्हणाले. "परंपरा हाय ती!"

"मग उद्या पहाटं पाचाला तुम्ही या झाडाय! बिनशालीचं!"

शिट्ट्या पडल्या. तेवढ्यात बाळाबाईंनी नारळ पायरीवर आपटला. आतून काळा, सुकलेला गोटा गडगडत बाहेर आला.

"ह्यो नारळ माझ्या लग्नातला दिसतोय!" त्या म्हणाल्या, आणि मंडप हसून लोळला.

"चुकलं माझं," गणपतराव पुटपुटले. माईकने तेही सगळ्यांना ऐकवलं. दोन नव्या शाली आणायला माणूस तिथूनच पळाला.

केरबा आजोबा ताठ उभे राहिले आणि तिघांना कडक सलाम ठोकला. "शाब्बास! असली पोरं पलटणीत पायजे होती!"

"आमच्या गाडीच्या घंटेपेक्षा तुमचं घुंगरू मोठं वाजलं," कृष्णातकाका म्हणाले.

गणपतरावांना पुन्हा स्फुरण चढलं. "बाळाबाई, मागा! ही गल्ली तुमच्यासाठी काय वाट्टेल ते करंल!"

बाळाबाईंनी शाल अंगाभोवती घट्ट लपेटली.

"जाताना हारातली फुलं तेवढी गटारीत टाकू नगासा. सकाळी मलाच काढाय लागत्यात."