दिवाळखोराचा जबाब

लखनौतल्या अलीगंजच्या आमच्या मराठी मंडळाच्या १९८४ सालच्या अहवालात पान सातवर पुढील विधान छापलेले आहे : ‘रेल्वेखेळाच्या स्पर्धेत श्री. मधुसूदन देवस्थळी यांनी अनवधानाने कु. विनया बर्वे यांच्या कंपनीचे संचालकपद ओढवून घेतले व त्यात त्यांचे दिवाळे निघाले.’ वाक्य सुबक आहे. त्यातला एकच शब्द खोटा आहे, आणि इतिहास शिकवणाऱ्या बाईला तो झोपू देत नाही. ती बाई, म्हणजे वरील कुमारी, मी.

अनवधान! ज्या गृहस्थाला मी प्रथम पाहिले तेच मुळी अमीनाबादच्या एका दुकानात साठ बटणे एकेक करून उजेडाला धरताना.

“भैया, कमीज़ एक और बटन साठ?” दुकानदार म्हणाला.

“कमीज़ नहीं, स्टेशन बनाने हैं.”

“ठार वेडा आहे,” मी पुटपुटले. लखनौत मराठी कोणाला कळते, ही माझी समजूत.

तो गृहस्थ वळला. “ठार नाही हो, थोडी धुगधुगी आहे अजून… बरं, ही पिवळी आणि ही मोतिया, दिव्याखाली वेगळी दिसतील ना? नीट पाहून सांगा. सीतापूर तुमच्यावर अवलंबून आहे.”

मी पाहिले. बटणांकडेच पाहिले, असे मात्र शपथेवर सांगता येणार नाही.

देवस्थळी औषध-संशोधनातले रसायनशास्त्रज्ञ. विलायतेतल्या मित्राने पत्रातून कळवलेल्या नियमांवर त्यांनी अवधचा नकाशा बेतला होता. रूळ टाकायचे, कंपन्यांचे शेअर घ्यायचे, विकायचे. शेअर प्रयोगशाळेतल्या गाळणकागदाचे, प्रत्येक कंपनीचा रंग निराळा. ज्याच्याकडे सर्वाधिक शेअर तो संचालक. बाजारात मोठे इंजिन आले की जुनी इंजिने भंगारात. आणि कंपनीकडे दुसरे इंजिन नसेल, तर नवे घेण्याचा भार संचालकाच्या स्वतःच्या खिशावर. मंडळाने स्पर्धा ठेवली : एकच खेळ, आठ रविवार चालणारा, दुपारची उन्हे, शेंगांची टरफले आणि आम्ही पाच जण. बँकेची पेटी देवस्थळींच्या मांडीशी. पैसे देताना ते नोट सोडायला अंमळ उशीर करीत.

“सोडा की!”

“सोडतो… मोजून घ्या, बर्वेबाई. माझ्यावर विश्वास ठेवू नका.”

सहाव्या रविवारी मी तो विश्वास अक्षरशः ठेवला नाही. माझ्या सीतापूर लाइनचे शेअर त्यांनी लागोपाठ तीन वेळा घेतले, माझ्याहून एक अधिक केला, आणि कंपनी त्यांची झाली. मी सर्वांदेखत म्हणाले, “अधाशी आहात तुम्ही.” त्यांनी चष्मा पुसला. लगेच पुढच्या डावात कार्यवाह हरिहरपंतांनी मोठे इंजिन घेतले, सीतापूरचे एकुलते इंजिन भंगारात गेले आणि नव्याची किंमत भरताना देवस्थळी धुतले गेले. सगळे पोट धरून हसले. मीही हसले. उरलेले दोन रविवार ते नुसती पेटी सांभाळत बसले आणि मी करंडक जिंकला. अलीगंजभर त्यांचे नाव ‘दिवाळे’ पडले. “क्या यार दिवाळे, कसं काय?” ते हसून मान डोलवत. मी मात्र मान फिरवून पुढे जाई.

मग अहवाल हाती आला, आणि ‘अनवधानाने’पाशी मी थबकले. ज्याने तो नियम स्वतःच्या हाताने लिहिला, त्याला तो आठवला नाही? मोठे इंजिन घेणार, हे हरिहरपंतांनी त्या दिवशी चहाच्या वेळी मोठ्याने सांगितले होते; ऐकले नव्हते फक्त मी. डावांची नोंदवही मी काढून पाहिली. कंपनी माझ्याकडे राहती, तर दिवाळे माझे निघते.

राग ही माझी जुनी, परिचयाची वस्तू. तो कसा हाताळायचा हे मला ठाऊक होते. त्या संध्याकाळी मात्र वहीवर वाकलेली असताना मनात आले ते कृतज्ञतेसारखे काही होते, आणि त्याचे काय करायचे ते मला कोणी शिकवले नव्हते. माझ्यासाठी एका माणसाने स्वतःचे हसे करून घेतले होते, माझा ‘अधाशी’ही निमूट गिळला होता. पण का? त्यांनी माझ्यावर दया केली असेल, तर त्यांच्याशी पुन्हा बोलणे मला शक्य नव्हते. आणि न बोलणे तर आता त्याहून अशक्य झाले होते…

करंडक पिशवीत घालून मी कार्यकारिणीसमोर गेले. बाहेर थंडीतली भुरभुर. देवस्थळी स्कूटरवरून भिजत आले होते.

“हे अनवधान नव्हते,” मी म्हणाले. “शब्द दुरुस्त करा आणि करंडक परत घ्या.”

“काहीतरीच हाँ, बर्वेबाई!” हरिहरपंत म्हणाले. “जिंकलेला करंडक कोणी परत करतं? देवस्थळी, तुम्हीच सांगा, चुकूनच झालं ना?”

“चुकूनच,” देवस्थळी पटकन म्हणाले.

“माझ्याकडे पाहून सांगा.”

त्यांनी पाहिले. बराच वेळ पाहिले.

“दया केलीत?” मी हळूच विचारले.

“दया? तुमच्यावर? छे — तेवढी हिंमत नाही हो माझी.”

“अच्छा, मग लिहूनच द्या एकदाचं,” हरिहरपंतांनी कागद सरकवला.

त्यांनी लिहिले. दोनदा थांबले, एकदा खोडले, आणि कागद कार्यवाहांना न देता माझ्यापुढे ठेवला. शाई ओली होती. तो जबाब अक्षरशः असा :

‘इंजिन भंगारात जाणार, हे मला माहीत होते. दिवाळे निघालेल्याने उठून घरी जायचे, असा नियम आहे. मी बुडालो, तरी बँकेची पेटी माझ्याकडे असल्याने मला उठावे लागणार नव्हते. बर्वेबाई बुडाल्या असत्या, तर पुढचे दोन रविवार त्या आल्या नसत्या. मला ते चालणार नव्हते.’